आईची मांडी आणि विमानातली खुर्ची

रविवारची वंदना आटोपली होती. विहारातल्या सतरंज्या आम्ही बायका घड्या करीत होतो. तेवढ्यात आमच्या महिला मंडळातल्या एका मावशींनी विषय काढला. त्यांची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. मुलगी आणि जावई दोघेही कॉम्प्युटरच्या नोकरीत. मावशींचे यजमान एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ओव्हरटाइम करून, सोसायटीचे कर्ज काढून त्यांनी मुलीला इंजिनिअर केले. आता ती आपल्या चौदा महिन्यांच्या बाळाला घेऊन जयंतीला पहिल्यांदाच घरी येणार होती. आनंदाचीच गोष्ट. पण मावशींच्या कपाळाला आठी होती.

"पोरगी म्हणते, बाळाचं पूर्ण तिकीट काढते. त्याची ती गाडीतली खुर्ची विमानात न्यायची आणि त्याला त्यात बांधून बसवायचं. मी म्हटलं, अगं, दोन वर्षांपर्यंत पोर मांडीवर चालतं ना? मग कशाला एवढे पैसे घालतेस? आणि बांधून कसलं ठेवतेस? चौदा-पंधरा तास लेकरू आईच्या मांडीवर नाही बसणार, तर कुठं बसणार?"

सगळ्यांनी मावशींचीच बाजू घेतली. कोणी म्हणाले, तिकडे गेले की अशी थेरं सुचतात. कोणी म्हणाले, आम्ही आमची पोरे एस.टी.त, लोकलच्या गर्दीत, ट्रकच्या टपावरसुद्धा मांडीवर घेऊनच वाढवली, कुणाला काय झाले? खोटे कशाला सांगू, मीही हसले. पण मुलगी शिकलेली, समजदार. ती उगीच हट्ट धरणारी नाही हे मला माहीत होते. म्हणून घरी आल्यावर या प्रश्नाच्या मागे लागले. जे वाचले त्याने माझे हसू पार मावळले. आज आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली परदेशी शिकायला, नोकरीला जात आहेत. आजी-आजोबा नातवंडांना आणायला-पोहोचवायला विमानाने जात आहेत. तेव्हा हा एका घरचा प्रश्न राहिलेला नाही.

आधी ही खुर्ची म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिलेली नसेल. तिला सगळे कार सीटच म्हणतात. कडक प्लॅस्टिकची, आतून मऊ गादी लावलेली खोलगट खुर्ची. ती मोटारीच्या मागच्या बाकावर पट्ट्याने घट्ट आवळतात. मग बाळाला तिच्यात बसवून दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांच्या मधून येणारे तिचे स्वतःचे पट्टे लावतात. अगदी तान्ह्या बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवतात, म्हणजे जोराचा ब्रेक लागला तर त्याचे डोके पुढे न हिसकता पाठ आणि मान दोन्ही खुर्चीत दाबली जातात. लहान बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते, हे आपल्याला न्हाऊ घालतानाच कळते. अमेरिकेत दवाखान्यातून बाळाला घरी न्यायच्या दिवशी गाडीत ही खुर्ची आहे की नाही ते विचारतात. मावशींची मुलगी म्हणाली ते त्यामुळेच: "आई, तो जन्मल्यापासून तीत बसतोय. ती त्याची ओळखीची जागा आहे."

आता विमानाकडे वळू.

सू सिटीची दुपार

१९ जुलै १९८९. अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे विमान. डी.सी.-१० जातीचे मोठे विमान, आत २९६ माणसे. आकाशात असतानाच शेपटीतल्या इंजिनाची फिरती चकती फुटली. तिच्या तुकड्यांनी तेलाच्या दाबाच्या तिन्ही नळ्या तोडल्या. विमान वळवणे, वर-खाली करणे, सगळे या दाबावर चालते. कॅप्टन आल्फ्रेड हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करीत पाऊण तासाच्या आसपास ते विमान हवेत सांभाळले आणि आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या विमानतळावर आणले. जमिनीला टेकताच ते मोडले, पेटले आणि उलटे झाले. ११२ माणसे गेली. १८४ वाचली, हेच आश्चर्य.

त्या विमानात मांडीवरची चार बाळे होती. जॅन ब्राऊन या मुख्य हवाई सेविका होत्या. आदळण्यापूर्वी त्यांनी नियमाप्रमाणे सूचना दिली: मांडीवरच्या बाळांना पायाशी जमिनीवर ठेवा, भोवती उशा-घोंगड्या लावा आणि धरून ठेवा. त्या वेळी पुस्तकात हेच लिहिले होते. मोठ्या माणसाला पट्टा, सामानाला कुलूपबंद कप्पा, चहाच्या गाडीलासुद्धा अडकण. आणि बाळासाठी जमीन.

विमान आदळल्यावर सगळ्यांनाच आपले बाळ धरून ठेवता आले नाही. एक अकरा महिन्यांची मुलगी उलट्या झालेल्या विमानात सामानाच्या कप्प्यात जाऊन पडली होती. बाहेर पडलेल्या एका प्रवाशाने रडण्याचा आवाज ऐकला, तो धुरात परत शिरला आणि तिला घेऊन आला. दोन वर्षेही पुरी न झालेला एक मुलगा मात्र सापडला नाही. धुराने त्याचा जीव गेला. त्याची आई जळत्या विमानाकडे परत धावत होती, तिला जॅन ब्राऊन यांनीच अडवले. तेव्हा ती माउली त्यांना म्हणाली की तुम्ही सांगितलेत म्हणून मी त्याला खाली ठेवले, आणि आता तो नाही.

या वाक्याने त्या बाईंना पुढे कधी स्वस्थ बसू दिले नाही. त्यांनी अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली, वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, भाषणे केली. मागणी एकच: विमानात प्रत्येक बाळाला त्याची स्वतःची, पट्ट्याची जागा असली पाहिजे. वरिष्ठांनी सांगितले तसे केले, एवढे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. त्या झाल्या नाहीत. मला या सगळ्या प्रकरणात त्यांचेच सर्वांत जास्त कौतुक वाटते.

दुसरी घटना पाच वर्षांनंतरची. २ जुलै १९९४ रोजी यू.एस. एअर या कंपनीचे विमान अमेरिकेतल्याच शार्लट शहरात वादळी पावसात उतरताना कोसळले. ५७ पैकी ३७ माणसे मेली. त्यात नऊ महिन्यांची एक मुलगी होती, आईच्या मांडीवर. आई वाचली, मुलगी गेली. आईने तिला धरून ठेवायची शर्थ केली, पण आदळताच ती हातातून निसटली. चौकशी करणाऱ्या एन.टी.एस.बी. या सरकारी मंडळाने अहवालात लिहिले की ती मुलगी नीट बांधलेल्या खुर्चीत असती, तर बहुधा वाचली असती.

हात का पुरत नाहीत?

करणीय मेत्त सुत्त आपण विहारात नेहमी म्हणतो. आई आपल्या एकुलत्या एका लेकराला स्वतःच्या जिवापलीकडे जपते, अशी त्यात उपमा आहे. आईच्या मायेविषयी कुणाला शंका नाही. शंका आहे ती तिच्या हातांच्या ताकदीविषयी, आणि ती तपासून बघता येते. भगवंतांनी तरी आणखी काय सांगितले? या, बघा, पारखा आणि मग माना.

एस.टी.ने अचानक ब्रेक मारला की मांडीवरची भाजीची पिशवी पुढच्या बाकावर जाते, हे आपण पाहतो. पिशवीला कुणी ढकललेले नसते. गाडी थांबते, पिशवी आपल्या आधीच्या वेगाने पुढे जात राहते. विमान आदळते तेव्हा हेच होते, फक्त कितीतरी पट जोराने. आज नव्या विमानांतल्या खुर्च्या पुढच्या दिशेने वजनाच्या १६ पट झटका सोसतात की नाही याची चाचणी घेऊन मगच बसवतात. म्हणजे तेवढा झटका बसूनही माणूस वाचू शकतो, असे धरलेले आहे. आता हिशेब करा. बाळ दहा किलोचे. सोळा पटीने एकशे साठ किलो झाले. पन्नास किलोची तांदळाची तीन पोती आणि वर दहा किलो. तेही डोळ्याचे पाते लवायच्या आत. गोदीतल्या हमालाच्या हातूनही ते सुटेल, मग बाळंतपणातून उठलेल्या बाईची काय कथा! त्यात तिचे काहीही चुकत नाही. शार्लटच्या त्या आईचेही काही चुकले नव्हते.

मग बाळाला आईच्याच पट्ट्यात घेतले तर? ते तर फारच वाईट. आदळताना आईचे अंग पुढे दुमडते आणि पट्टा व आई यांच्या मध्ये बाळ चेंगरते. आपल्याकडे आणि युरोपात विमानात बाळासाठी एक छोटा जादा पट्टा देतात, तो आईच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटावर लावतात. बाळ हवेत उडू नये याला त्याचा उपयोग होतो. पण मोठ्या धक्क्यात तोही बाळाच्या कोवळ्या पोटात रुततो आणि आईचे वजन वर येते ते येतेच. म्हणून अमेरिकेत विमान सुटताना आणि उतरताना हा पट्टा चालत नाही. बाळाला छातीशी बांधायची झोळी, तीही त्या वेळी चालत नाही.

मावशींनी पाळण्याचाही प्रश्न काढला होता. पहिल्या रांगेत समोरच्या भिंतीला अडकवायचा छोटा पाळणा लांबच्या विमानात मिळतो, तो झोपेपुरता चांगला. पण विमान सुटताना, उतरताना आणि पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला त्यातून उचलून घ्यावेच लागते. म्हणजे धोक्याच्या वेळी पाळणा रिकामा आणि बाळ पुन्हा मांडीवर.

कोणी म्हणेल, विमाने काय रोज कोसळतात? नाही कोसळत. विमानाचा प्रवास हा सर्वांत सुरक्षित प्रवासांपैकी एक आहे, उगीच कुणी घाबरू नये. पण न कोसळताही विमान हवेत जोराने हिसकते. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले विमान उतरायच्या आधी असे हिसकले, की डझनाहून अधिक प्रवासी जखमी झाले. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानात म्यानमारच्या आकाशात पाच सेकंदांच्या आत असा झटका बसला, की पट्टा न लावलेली माणसे छताला आपटली. एका वृद्ध प्रवाशाचा मृत्यू झाला. सत्तर किलोचा माणूस जर छताला लागतो, तर मांडीवरचे बाळ कुठे जाईल? ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या विमानाला वर चढत असतानाच बाजूला भगदाड पडले. दाराच्या जागी बसवलेली फळीच निखळून गेली. भगदाडालगतच्या दोन खुर्च्या त्या दिवशी योगायोगाने रिकाम्या होत्या. त्या विमानात मांडीवरची तीन बाळे होती. तिघेही सुखरूप उतरली. पण त्यांच्यापैकी एक त्या रिकाम्या जागी असते तर, हा विचार मनातून जात नाही.

मग कायदा का नाही?

इथे गोष्ट आपल्याला वाटते तेवढी सरळ नाही. एन.टी.एस.बी. हे मंडळ फक्त शिफारस करू शकते. कायदा करायचा तो एफ.ए.ए. या विमान खात्याने. मंडळाने १९९० पासून सांगितले आहे की दोन वर्षांखालच्या बाळालाही स्वतंत्र जागा सक्तीची करा. अलास्काच्या चौकशीनंतर २०२५ मध्ये त्यांनी हा विषय पुन्हा पुढे आणला. विमान खाते पालकांना स्वतःच सांगते की बाळाची सर्वांत सुरक्षित जागा ही त्याची मान्यताप्राप्त खुर्ची आहे, तुमची मांडी नव्हे. पण सक्ती करायला २००५ मध्ये त्यांनी नकार दिला.

त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे. ते म्हणतात, सक्ती केली की बाळाचे पूर्ण तिकीट काढावे लागेल. ज्यांना ते परवडणार नाही ती कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील. रस्ता विमानापेक्षा किती तरी धोक्याचा. म्हणजे आकाशात एखादे बाळ वाचेल आणि रस्त्यावर त्याहून जास्त जीव जातील.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा युक्तिवाद पटला. आपण कष्टकरी माणसे. तिकिटाच्या पैशावरून बेत कसे बदलतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण नंतर वाटले, यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. बाळाच्या जागेचे पूर्ण पैसे आई-बापानेच भरायचे, हे कुणी ठरवले? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. नव्वद वर्षे उलटून गेली, पण प्रश्न तोच आहे. बाळाचे रक्षण ही ऐपतीप्रमाणे विकत घ्यायची वस्तू का असावी? खुर्ची सक्तीची करा आणि बाळाचे भाडे नाममात्र ठेवा, असेही म्हणता येते. तसे कुणी केलेले नाही. आज ज्याच्या खिशात पैसे त्याचे बाळ पट्ट्यात, बाकीच्यांचे मांडीवर, अशी स्थिती आहे. परदेशच्या प्रवासात मांडीवरच्या बाळाला बहुतेक कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के घेतात. वेगळी जागा घेतली तर मुलाचे भाडे लागते, आणि ते मोठ्यांच्या भाड्याच्या जवळपास जाते. फरक लहान नाही.

म्हणून ज्यांना जमणार नाही त्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी निदान एवढे करावे. गर्दी कमी असलेल्या दिवसाचे, वेळेचे विमान घ्यावे आणि कार सीट बरोबर ठेवून दारावर विनंती करावी. शेजारी जागा रिकामी असेल तर पुष्कळ कंपन्या पैसे न घेता खुर्ची लावू देतात. आणि मांडीवरच घ्यायचे झाले तर आईने स्वतःचा पट्टा आधी कमरेला आवळावा, बाळाला त्याच्या बाहेर धरावे.

खुर्ची न्यायची ठरली तर

मावशींच्या मुलीने काय काय केले ते मी तिला फोनवर विचारून घेतले. सर्वांत आधी तिने खुर्चीवरचे लेबल पाहिले. प्रत्येक कार सीट विमानात चालत नाही. अमेरिकेत विकलेल्या खुर्चीवर तांबड्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेले असते की ही खुर्ची मोटारीत आणि विमानात वापरायला प्रमाणित आहे. ते लेबल नसेल किंवा पुसले असेल तर दारातच अडवतात. तिने लेबलाचा फोटोही मोबाइलमध्ये ठेवला. आपल्याकडे विकत घेतलेल्या खुर्चीवर बहुतेक युरोपच्या पद्धतीचे लेबल असते. ते आपल्या विमान कंपनीला चालते का हे तिकीट काढायच्या आधी विचारून उत्तर लेखी मागून घ्यावे. तोंडी "चालेल" वर विसंबू नये.

मग रुंदी. विमानातल्या साध्या वर्गाच्या खुर्च्या अरुंद असतात. सोळा इंचांपेक्षा रुंद नसलेली कार सीट बहुतेक ठिकाणी बसते. टेप घेऊन घरीच मोजावी.

जागा खिडकीची घ्यावी लागते, कारण संकटात बाहेर पळताना खुर्ची कुणाच्या वाटेत येता कामा नये. संकटकालीन दाराच्या रांगेत आणि तिच्या लगतच्या पुढच्या-मागच्या रांगेत ती लावू देत नाहीत. विमानाच्या पट्ट्याला खांद्याचा भाग नसतो, फक्त कमरेचा असतो. तो कार सीटच्या पाठीमागच्या किंवा खालच्या खाचेतून ओवून, खुर्चीवर आपले वजन टाकून करकचून ओढायचा. तोंड मागे करून लावायची की पुढे, ते खुर्चीच्या पुस्तिकेत बाळाच्या वजनाप्रमाणे दिलेले असते. तोंड मागे असेल तर पुढच्या प्रवाशाला आपली पाठ मागे रेलता येत नाही आणि तो कुरकुरतो. त्याला आधीच नम्रपणे सांगितलेले बरे. बाळाच्या अंगात जाड जाकीट असेल तर ते काढूनच पट्टे लावावेत, नाहीतर पट्टा जाकिटाला बसतो, बाळाला नाही.

थोड्या मोठ्या मुलांना मोटारीत उंच बसवायला नुसती बैठक वापरतात, तिला बूस्टर म्हणतात. ती विमान सुटताना-उतरताना चालत नाही, कारण तिला खांद्याचा पट्टा लागतो. साधारण दहा ते वीस किलो वजनाच्या आणि एक मीटरपर्यंत उंचीच्या मुलासाठी एफ.ए.ए.ने २००६ मध्ये मान्य केलेला एक पट्ट्यांचा संच मिळतो. त्याचे नाव केअर्स. तो विमानाच्या खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लावतात, पिशवीत मावतो. पण तो फक्त विमानापुरता. मोटारीत चालत नाही.

खुर्ची सामानात टाकायची की नाही? शक्यतो टाकू नये. सामान आपटले जाते, खुर्चीला आतून तडा गेला तर बाहेरून दिसत नाही.

एवढी तयारी करूनही तिला विमानात एका कर्मचाऱ्याने अडवलेच. "मॅडम, हे इथे चालणार नाही." तिने आवाज न चढवता लेबल दाखवले, बाळाचे वेगळे तिकीट दाखवले, वरिष्ठांना बोलवा म्हणाली. वरिष्ठ बाई आल्या, त्यांनी लेबल वाचले आणि स्वतः पट्टा ओढून दिला. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, असे कुठेही होते. अमेरिकन कंपन्यांना तर बाळाचे तिकीट आणि मान्य लेबल असलेली, जागेत नीट बसणारी खुर्ची असेल तर नाही म्हणता येत नाही, तसा तिथला नियमच आहे. कागद हाताशी ठेवावा आणि घाबरू नये. शिक्षणाचा उपयोग असाही होतो.

प्रवासात रात्री दोनदा पट्ट्याचा दिवा लागला. समोरच्या रांगेतल्या बाईंना पाळण्यातले झोपलेले बाळ उचलून घ्यावे लागले आणि त्याने सगळे विमान डोक्यावर घेतले. मावशींचा नातू आपल्या खुर्चीत झोपून होता. मध्ये मध्ये तिने त्याला मांडीवर घेतले, दूध पाजले, मधल्या वाटेत फिरवले. दिवा बंद असताना ते करायला हरकत नसते. पंधरा तास कुणी बाळाला बांधून ठेवत नाही, मावशींची ती भीती उगीच होती.

विमानतळाच्या बाहेर

खरी गंमत मुंबईत उतरल्यावर झाली. मावशी, त्यांचे यजमान आणि मी, तिघे आणायला गेलो होतो. भाड्याची गाडी ठरवली होती, घर कल्याणला. मुलीने मागच्या बाकावर खुर्ची ठेवली आणि पट्टा शोधू लागली. पट्टा होता, पण त्याचे कुलूप नव्हते. बाकावर रेक्झिनचे नवे कव्हर शिवून घातले होते आणि कुलूप त्याच्या खाली गाडले गेले होते. ड्रायव्हर म्हणाला, "काका, मागं कोण पट्टा लावतं? बाळाला घ्या की मांडीवर. मी हळू चालवतो."

कायदा काय म्हणतो ते त्याला ठाऊक नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे मोटारीत चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची खुर्ची नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. आपण पोरांना स्कूटरवर नेतो, त्याबद्दलही नियम झाला आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला डोक्याला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर नको. फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे. आपल्या वस्तीत किती जण पाळतात, ते मी लिहायला नको.

आणि मला तेव्हाच जाणवले की या सगळ्या प्रवासातला धोक्याचा भाग आता सुरू होतो आहे. अर्ध्या जगावरून आलेले विमान सुरक्षित होते. कल्याणचा रस्ता तसा नाही. नुसत्या विमानासाठी खुर्ची महाग वाटते. पण तीच खुर्ची तिकडच्या गाडीतून विमानात आणि विमानातून इकडच्या गाडीत आली, तर हिशेब वेगळा होतो.

मावशींच्या यजमानांनी काही न बोलता चष्मा नाकावर नीट बसवला, बाक हाताने चाचपला, कव्हराची मागची दोरी सोडली आणि गुडघे टेकून आत हात घातला. तीस वर्षे एस.टी.च्या गाड्यांखाली आडवे झालेले ते हात. दहा-बारा मिनिटांत दोन्ही बाजूंची कुलुपे धुळीसह वर आली. त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली, पट्टा ओवला, खुर्चीवर गुडघा देऊन ओढला आणि दोन्ही हातांनी हलवून पाहिले. खुर्ची हलली नाही.

"आता घाला त्याला," ते म्हणाले.

मावशी त्याच्या शेजारी बसल्या. बाळाने त्यांचे एक बोट मुठीत धरले होते. ऐरोलीच्या पुलावर ते झोपले, ते पत्रीपुलाच्या गर्दीत हॉर्न वाजले तेव्हाच जागे झाले.